शर्टावरचे उंदीर, साडीवरच्या मांजरी

माझ्या दोन चित्रवह्या भरल्यात. पानोपानी मोठ्या डोळ्यांची, काटेरी केसांची, तलवारी घेतलेली पोरं. मागे चेरीची झाडं, जी मी कधी पाहिलेली नाहीत. परवा आईनं वही चाळली आणि विचारलं, "हाऊ कोन शे रे? आपला गल्लीना तं नही." मी चिडलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मांगा काढणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचं दैवत म्हणजे ओसामू तेझुका. जन्म 1928, शिक्षण डॉक्टरकीचं. डिस्नेचे कार्टूनपट त्यानं पुन्हा पुन्हा पाहिले, मोठे डोळे तिथूनच घेतले. 1952 मध्ये त्याचा यंत्रमानव मुलगा, 'अ‍ॅस्ट्रो बॉय', मासिकातून सुरू झाला. 1972 मध्ये त्यानं 'बुद्ध' काढायला घेतला. कथा तर आपल्या मातीतली! उसनं त्यानं भरपूर घेतलं, पण गोष्ट सांगितली ती आपल्या जपानी वाचकाला.

त्याच 1952 साली मराठीत 'मोहिनी' मासिकाचं एक मुखपृष्ठ गाजलं. मुलाच्या शर्टावर उंदरांची नक्षी, शेजारच्या मुलीच्या साडीवर मांजरांची. एक शब्द नाही, तरी सगळा विनोद कळतो. चित्रकार शि. द. फडणीस. जन्म 1925, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, म्हणजे आपल्यासारखेच आजच्या महाराष्ट्राबाहेरचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते शिकले. संपादक अनंत अंतरकरांनी त्यांच्यावर विश्वास टाकून मुखपृष्ठं दिली. पुढे त्यांच्या रेषेनं शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही हसू आणलं.

ते मुखपृष्ठ मी मोबाईलवर आईला दाखवलं. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. आधी तिनं साडी पाहिली, मग मांजरं, मग शर्ट, आणि खळखळून हसली. शेजारच्या गुजराती मावशी आणि वरच्या मजल्यावरचा ओडिया दादा, दोघंही हसले. कुणाला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

डिंडोलीत आपण घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी आणि या मंडळात मराठी बोलतो. आपल्याला तर शब्दाविना बोलणारी रेष सगळ्यात जास्त हवी! मांगा सोडा असं मी म्हणत नाही. तेझुकाकडून खुशाल शिका, पण त्यानं केलं तेच करा: शिकलेलं घेऊन आपल्या गल्लीत या. इथले लूम, साड्यांचे गठ्ठे, रेल्वे फाटकापाशी ताटकळलेले टेम्पो कोण काढणार? टोकियोतला कुणी येऊन काढणार नाही.

म्हणून संपादकांकडे पुढच्या अंकात एक पान मागतोय, फक्त डिंडोलीच्या चित्रांसाठी. माझं चित्र तयार आहे: साड्यांच्या ढिगाऱ्यात बसलेली आई. तिला दाखवलं, तर म्हणाली, "नाक चुकनं."

पण या वेळी 'हाऊ कोन शे' असं तिनं विचारलं नाही.