भिंतीवरचं चित्र कोणाचं?

होस्टेलची खोली असो की चौघांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट, तुमची एक भिंत रिकामी असतेच. मग कुणीतरी ऑनलाइन एखादं फ्रेम केलेलं चित्र मागवतं. 'प्रिंटच आहे रे, ओरिजिनल कुठे परवडतं' असं वर सांगतं. मुळात प्रिंट घेण्यात कमीपणा कसला?

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून, एकेक रंग वेगळा छापून चित्रं तयार व्हायची. राजवाड्यात टांगलेली लक्ष्मी-सरस्वती त्यामुळे साध्या घरांत पोचली. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या घरातही प्रिंटच होती!

फरक एवढाच, की तो छापखाना स्वतः चित्रकाराने काढला होता. आज आपण घेतो त्या चित्रामागे चित्रकार असतो का? आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, अमृता शेरगिल १९४१ मध्ये. त्यांची चित्रं कुणीही छापू शकतं. पण इन्स्टाग्रामवरून एखाद्या हयात चित्रकाराचं काम उचलून, सही कापून विकणं ही सरळ चोरी आहे. आपल्याच वयाची, फाइन आर्ट्स शिकणारी पोरं त्यात भरडली जातात. रीलला क्रेडिट दिलं नाही म्हणून भांडणारे आपण, भिंतीसाठी मात्र हा प्रश्न विचारतच नाही.

म्हणून विकत घेताना आधी चित्रकाराचं नाव विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल, तर पुढे चला. मग छपाई कशी आहे ते बघा. ए-थ्री आकाराची स्वच्छ प्रिंट हवी तर साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोतून ती निघत नाही. कागद अ‍ॅसिड-फ्री आहे का, काच आणि चित्र यांच्यात माउंट आहे का, हेही बघा. आणि घरी आणल्यावर थेट ऊन पडेल तिथे टांगू नका, रंग उडतात.

मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार स्वतः काम मांडून बसतात. दुसऱ्या शहरात असाल तर जवळच्या कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन गाठा. तिथे एखादं चित्र आवडलं, तर ते काढणाऱ्यालाच विचारा, 'याची प्रिंट देशील का?' पैसे थेट त्याच्या हातात जातील आणि पुढच्या महिन्याचे रंग त्यातून येतील.