घरपट्टी भरतो, म्हणजे घर आपलं झालं?

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मी दादरला उतरत असतानाच आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी मावसबहीण. "बिल्डिंगच्या गेटवर पालिकेचा कागद चिकटवलाय," ती म्हणाली. "अनधिकृत लिहिलंय. अगं, पण आम्ही दरवर्षी घरपट्टी भरतो ना? लाईटबिल ह्यांच्या नावावर येतं. मग अनधिकृत कसं?"

मुंब्र्याच्या पुढच्या पट्ट्यात तिचं घर आहे. तळमजला अधिक सात, त्यातला चौथा मजला. २०१६ मध्ये चौदा लाखांना घेतलेलं. भावजींची सौदीतली सहा वर्षं आणि आपाचं जवळजवळ सगळं सोनं त्यात गेलं. आज तिच्या हातात काय आहे? स्टँप पेपरवर नोटरी केलेला एक करारनामा आणि बिल्डरच्या सहीच्या पावत्या. पावत्यांवर रक्कम निम्मीच, कारण उरलेली "रोखीत" दिली होती. बिल्डरचा फोन लागत नाही.

आपाचा प्रश्न मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकला, त्यात शिकलेली मुलंही होती. म्हणून आधी त्याचंच उत्तर. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगी तर नाहीच. बेकायदा इमारतीकडूनही पालिका कर घेते, आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असं पालिकेच्या कायद्यातच म्हटलं आहे. लाईटबिलाचं तेच, आधारकार्डावरच्या पत्त्याचं तेच. नोटरीचं म्हणाल तर, नोटरीने सही करणारी माणसं ओळखली एवढंच त्यातून सिद्ध होतं. घर विकत घेतल्याचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आपल्याकडे असं घर घेतलेल्या माणसाला आपण "फसला बिचारा" म्हणतो आणि विषय संपवतो. पण आपा फक्त फसली नाही. तिला त्या इमारतीपर्यंत ढकलत नेणाऱ्या गोष्टी आहेत. काही बाहेरच्या आहेत, काही आपल्या घरातल्या. बाहेरच्यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, घरातल्यांबद्दल गप्प बसतो.

बाहेरची गोष्ट मी स्वतः अनुभवली. आम्ही कुर्ल्यात दहा बाय पंधराच्या भाड्याच्या खोलीत सहा जण राहत होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. घर शोधताना एजंट फोनवर छान बोलायचे. मग "नाव काय मॅडम?" नाव सांगितलं की थोडा वेळ शांतता, आणि "मालकाला विचारून सांगतो." दोन ठिकाणी सरळच सांगितलं, सोसायटी तयार होणार नाही. कायद्याचा आधारही तोकडा आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला होता. सभासद कोणाला करायचं हे सोसायटी आपल्या उपविधीत ठरवू शकते, असा त्याचा अर्थ.

आणि मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं तिकडे गेली. ती स्वस्त घरासाठी गेली तशी रात्री झोप लागावी म्हणूनही गेली, हे आपल्या वयाच्या मुलांनी विसरू नये. जिथे दुसरीकडे दार बंद असलेला ग्राहक रांगेत उभा असतो, तिथे बिल्डरला कागद दाखवायची गरज उरत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. ७४ माणसं मेली. इमारत काही आठवड्यांत उभी राहिली होती आणि खालच्या मजल्यांवर लोक राहायलाही आले होते. त्या वर्षी सगळे हळहळले. तीन वर्षांनी आपाने घर घेतलं ते त्याच पट्ट्यात.

आता घरातली गोष्ट, आणि इथे काही वाचक माझ्यावर नाराज होतील. आपाने बँकेचं कर्ज का घेतलं नाही? कारण सूद. तिच्या सासऱ्यांनी सांगितलं की व्याजाच्या पैशाचं छप्पर नको. बिल्डर म्हणाला, बँक कशाला, मला दर महिन्याला हप्ता द्या, एक पैसा व्याज नाही. हे ऐकायला किती पाक वाटतं! पण बँक कर्ज देण्याआधी तिचा वकील जमिनीचा तीस वर्षांचा शोध घेतो, मंजूर नकाशा मागतो, परवानगी तपासतो. आपाच्या इमारतीवर एकाही बँकेने कर्ज दिलं नसतं. तो नकार हाच सगळ्यात मोठा इशारा होता. आपा बँकेच्या दारात गेलीच नाही, त्यामुळे तो नकार तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

मी फतवा देत नाही, तो माझा अधिकार नाही. व्याज टाळणाऱ्याच्या श्रद्धेची थट्टाही करत नाही. सासरे आणि मी या विषयावर चार महिने भांडलो. शेवटी मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, बिनव्याजी बँकेची वाट बघत बसायला अर्थ नाही, कारण तो प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे. दुसरी, युरोपातल्या मुस्लिमांना राहत्या घरासाठी, दुसरा मार्ग नसेल तर, बँकेचं कर्ज घेण्याची मुभा तिथल्या फतवा परिषदेने १९९९ मध्ये दिली. त्यावर उलेमांमध्ये वाद आहेत, तेही सांगितलं. सासऱ्यांना ते पटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "कर्ज तुमच्या नावावर, जबाब तुम्ही द्यायचा." आम्ही कर्ज घेतलं. ज्याला घ्यायचं नाही त्याने घेऊ नये. पण मग बँकेचा वकील जे तपासतो ते स्वतःचा वकील लावून, त्याची फी देऊन तपासावं. बिल्डरला रोखीत दिलेल्या पैशात हलाल काय आहे, हेही कधीतरी विचारावं. तो पैसा बहुधा कर चुकवण्यासाठीच तसा मागितलेला असतो.

आम्ही बदलापूरला घेतलं. मुंब्रा सीएसएमटीपासून साधारण ४० किलोमीटर, बदलापूर जवळजवळ ६८. हा फरक मी रोज अंगावर घेते. पहाटे सव्वापाचला उठून सहा दहाची लोकल, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठ. धाकटी मला रविवारीच नीट भेटते. दारातून लटकणाऱ्या मुलांकडे बघवत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलमधून माणसं पडून मेली, त्या दिवसापासून नवरा दादरहून कितीही उशीर झाला तरी गाडी सोडतो, पण दारात उभा राहत नाही. मशीद चालत वीस मिनिटांवर. मजल्यावर आम्ही एकटेच मुस्लिम. शेजारी वाईट नाहीत, पण सासूबाईंना गप्पांना कोणी नाही. पुनर्विक्रीचं घर आम्हाला तिथेही मिळालं नाही, म्हणून नव्या प्रकल्पात थेट बिल्डरकडून घेतलं. ही किंमत मी लपवत नाही. स्वस्त घराच्या जाहिरातीत ती कधीच लिहिलेली नसते.

घर बघायला मात्र आम्ही मुद्दाम जुलैत गेलो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ते चित्र डोक्यात होतं. उल्हास नदीच्या पूररेषेतली एक सुंदर इमारत त्या भेटीतच आमच्या यादीतून गेली.

कागदांचं म्हणाल तर, ज्याला महारेराचा नंबर आहे ते सगळं खरं, असंही समजू नका. कल्याण-डोंबिवलीत खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या कित्येकांनी तर कर्जही काढलं होतं. म्हणजे बँकेची तपासणीही चुकू शकते. त्यामुळे नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघायचाच, पण त्यात जोडलेली परवानगी घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि ती खरंच इथून दिली आहे का, हे विचारायचं. एक दिवसाची रजा जाते. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागायचं, "येतंय, प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर धरायचं नाही. आणि नोंदणी झालेल्या करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३ पाठ करून ठेवा. मी ते बिल्डरच्या ऑफिसात बोलून दाखवलं तेव्हा तिथल्या मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तोवर तो नवऱ्याशीच बोलत होता.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव सोबत असेल तर मिळत नाही. सासऱ्यांना हे सूदाच्या वादापेक्षाही जड गेलं. आपाचं सोनं ज्या घरात गेलं, त्या नोटरीवर तिचं नाव साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही.

आपल्या मोहल्ल्यांत जलसे होतात, करिअर गायडन्स होतं, रक्तदान होतं. जुम्म्यानंतर एखाद्या खोलीत एक वकील, एक सिव्हिलचा पोरगा आणि एक लॅपटॉप, "घर घेण्याआधी कागद इथे दाखवा" असा फलक, हे मी अजून कुठे बघितलेलं नाही. खर्च चहाचा. आपल्यातल्या किती घरांत आज लॉ किंवा इंजिनिअरिंग शिकणारं मूल आहे!

आपाच्या इमारतीतले लोक आता कोर्टात गेले आहेत, वकिलासाठी दर घरामागे वर्गणी काढतात. गेल्या रविवारी ती बदलापूरला आली. पर्समधून एक चुरगळलेलं ब्रोशर काढलं. तिचा धाकटा दीर घर बघतोय, पन्नास हजार टोकन मागतायत, "जरा बघ ना त्या साइटवर." मी नंबर टाकला. प्रकल्प खरा होता, पण त्या नोंदणीत ए आणि बी अशा दोनच विंग होत्या. दिराला दाखवलेला फ्लॅट सी विंगमध्ये होता. आपाने तिथूनच त्याला फोन लावला.