ओवीला साहित्यात जागा

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने भित्तिपत्रकासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या आम्ही परत केल्या आणि 'काहीतरी साहित्यिक लिही' असे तिला सांगितले. तिने पावसाळ्यावर निबंध दिला, तो लागला. आज त्या आजी हयात नाहीत आणि ती वहीही सापडत नाही.

साहित्य म्हणजे काय, याचे उत्तर पाठ्यपुस्तकाने कथा, कविता, कादंबरी, नाटक असे खण पाडून देऊन टाकले आहे. आपण ज्या परंपरेचा वारसा सांगतो, तिने मात्र निराळे खण पाडले होते. बुद्धवचनाची नऊ अंगे मानली जातात : सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल. त्यांत गद्यपद्यमिश्रित गेय्य आहे, प्रश्नोत्तरे आहेत, अंतःकरण भरून आल्यावर सहज बाहेर पडलेले उदानही आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ग्रंथारूढ होईपर्यंत हे सारे भिक्खूंच्या मुखी होते. मग छापील तेच साहित्य, हे आम्ही कोणत्या आधारावर ठरविले?

थेरीगाथेत उखळ-मुसळातून सुटल्याचा आनंद एक थेरी गाते. पाणी भरणारी दासी पुण्णिका तर थंडीत नदीत उतरणाऱ्या ब्राह्मणाला स्नानाने पाप कसे धुतले जाते, असे विचारते. हा सूर आम्हाला पुढे बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमचं' या आत्मकथनात ऐकू येतो. दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले.

ओव्यांचे मोल जाणणारे अभ्यासक झाले नाहीत असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवी उत्तम असते, असा आमचा दावा नाही. पुष्कळशा ठोकळेबाज असतात. (या स्मरणिकेसाठी येणाऱ्या कवितांविषयीही हेच म्हणता येईल.) परंतु तो निवाडा ओवी वाचल्यानंतर करावयाचा, आम्ही तो वाचण्यापूर्वीच केला होता.

पिठाची गिरणी आली, जाती अडगळीत गेली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या माता आता वृद्ध आहेत. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे, की घरातील ओव्या, पाळणे, भीमगीते लिहून ग्रंथालयात आणून द्यावीत. सोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहावे, आणि तिचे शब्द शुद्ध करू नयेत.