नेम डोळ्यांत असतो

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरील माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक यंत्रमागधारक गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. आजार कोणताच नव्हता. “डॉक्टरसाहेब, हा रोज संध्याकाळी पूल खेळायला जातो. आता तुम्हीच याला दोन शब्द सांगा,” ते म्हणाले. मुलगा मान खाली घालून बसला होता. “तिथे काय शिकलास?” मी विचारले. “नेम धरायला,” तो हळूच म्हणाला. उत्तर मला आवडले. रविवारी मी त्या दोघांबरोबर टेबलापाशी गेलो.

हा खेळ आपल्याला परका नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय खेळाडू. आणि कॅरम तर आपल्या घरोघरी असतोच.

मुलाने मला नेमाची रीत शिकवली. नवखा खेळाडू रंगीत चेंडूवर जिथे आघात व्हायला हवा, नेमक्या त्याच बिंदूवर पांढऱ्या चेंडूचा मध्य रोखतो आणि फसतो. चेंडू गोल असल्यामुळे पांढऱ्याची बाजू आधीच भलत्या ठिकाणी लागते. म्हणून पॉकेटपासून रंगीत चेंडूच्या मध्यातून मागे येणारी एक रेषा मनात आखायची. त्या रेषेवर, रंगीत चेंडूला मागून चिकटलेला आणखी एक चेंडू आहे अशी कल्पना करायची. आपला पांढरा चेंडू नेमका त्या काल्पनिक चेंडूच्या जागी पोहोचला पाहिजे. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो. म्हणजे नेमाचा बिंदू रंगीत चेंडूच्या मध्यापासून तेवढाच मागे. सुरुवातीला तिथे खरोखरीचा चेंडू ठेवावा, तो डोळ्यांत साठवावा, मग उचलून घ्यावा आणि फटका मारावा. दुसरी खूण अशी की, पांढऱ्याचा मध्य रंगीत चेंडूच्या कडेवर रोखला, तर रंगीत चेंडू सुमारे ३० अंशांच्या कोनात जातो.

जागा ठरली की नजर तिथे स्थिरावली पाहिजे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधिका जोन व्हिकर्स यांनी फटक्यापूर्वीच्या या अखेरच्या स्थिर दृष्टीला ‘क्वाएट आय’ असे नाव दिले. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या अभ्यासातही कुशल खेळाडूंची नजर नवख्यांपेक्षा अधिक वेळ स्थिर राहते, असे दिसून आले आहे. नजर निवल्यावरच हात हलवावा.

मुलगा हे सारे उत्तम समजावून सांगत होता, परंतु त्याचे स्वतःचे बारीक फटके वारंवार चुकत होते. नेम धरताना तो मान एका बाजूस कलती करी आणि उजवा डोळा किंचित मिटून घेई. मी त्याला डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे दरपत्रक वाचायला सांगितले. त्याला वाचता येईना. तो गोंधळून गेला. हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत उजव्या डोळ्याचा नंबर बराच मोठा निघाला. डावा डोळा निर्दोष होता. अशा वेळी मेंदू लहानपणापासूनच अस्पष्ट चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. दुसरा डोळा सारे निभावून नेत असल्याने घरात कोणाला शंका येत नाही. उपचार म्हणजे योग्य चष्मा आणि गरजेनुसार चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सातव्या वर्षापूर्वी हे उपचार सुरू झाले तर लाभ सर्वाधिक होतो. पुढे तो कमी होत जातो, तरी प्रयत्न सोडू नये. या मुलाची दृष्टी किती सुधारेल, हे काही महिन्यांनीच कळेल. नेम चुकण्याचे हेच एकमेव कारण होते, असेही मी म्हणणार नाही. सराव अपुरा असला तरी नेम चुकतोच.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मागावरचा तुटलेला धागा मला लांबूनही दिसतो, आणि घरातले हे दिसले नाही.” मी त्यांना दोष दिला नाही. एक डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो, ते सहजासहजी दिसत नाही.

वाचकहो, आज घरी एवढेच करा. मुलाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून दहा फुटांवर उभे करा. आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा. दोन्ही वेळच्या वाचनात फरक जाणवला, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे जा. फरक जाणवला नाही तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा रीतसर नेत्रतपासणी करून घ्याच. घरची चाचणी तिची जागा घेऊ शकत नाही.

मुलाचा खेळ मी बंद केला नाही. अभ्यास आटोपल्यावर तासभर, असे तिघांच्या संमतीने ठरले. आता तो चष्मा लावून खेळतो, आणि पुढच्या रविवारी मलाही पुन्हा बोलावले आहे.