घरचे आरोग्य : आ करा, आरसा घ्या



घसा दुखतो म्हणून जीभ ताणून आरशात पाहावे, आणि पार मागे मोठाल्या गाठींची रांग दिसावी! तंबाखू खाणाऱ्याच्या पोटात तेव्हा गोळाच येतो. ‘झाला कॅन्सर’ म्हणून तो रात्र-रात्र जागतो, पण घरात बोलत नाही. खरे म्हणजे त्या गाठी प्रत्येकाच्या जिभेवर असतात. साधारण ८ ते १२ असतात आणि बाणाच्या टोकासारख्या मांडलेल्या असतात, टोक घशाकडे. किल्ल्याभोवती खंदक असावा तसा प्रत्येक गाठीभोवती बारीक खंदक असतो. खंदकाच्या भिंतीत चव ओळखणाऱ्या कळ्या, आणि तळाशी पाझरणाऱ्या ग्रंथी. जुनी चव धुऊन निघाल्याशिवाय नवी चव कशी कळणार?

जिभेच्या शेंड्याकडचे तांबडे ठिपकेही चवीचेच. मधली पांढरट मखमल मात्र चव घेत नाही, ती नुसती खरखरीत असते.

आता गाल बाजूला ओढा. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा दिसेल. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. जागा स्वच्छ फडक्याने टिपा, जिभेवर लिंबाचा थेंब टाका, थोड्या वेळात तिथे लाळ पाझरते. गालगुंडात सुजते ती हीच ग्रंथी. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, मजा वाटते! जिभेखालच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना असेच दोन ठिपके आहेत, तीही लाळेचीच तोंडे. आपल्या पाली पाठातील शरीराच्या ३२ भागांत लाळेलाही जागा आहे, ‘खेळो’ म्हणून. भगवंतांनी शरीर जसे आहे तसे पाहायला सांगितले, त्यात तोंड वगळले नाही.

आपल्या ओळखीची साधी खूण अशी की हे उंचवटे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात. एकाच बाजूला काही नवे दिसले तर सावध व्हा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी कडक गाठ. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते पुष्कळदा दुखतच नाही. तंबाखूचा विडा जिथे धरता, तो कोपरा आणि जिभेची कड आधी बघा.

पाचवे शील घेताना आपण दारूचे नाव घेतो, मिश्रीच्या डबीचे घेत नाही. मायमाउल्यांनो, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आणि ‘नुसती सुपारी, तंबाखू नाही’ हेही फसवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेना होते. आपलीच तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दाखवायला जा.

महिन्यातून एकदा, उजेडात, सुटीच्या दिवशी घरातल्या सर्वांनी एकमेकांची तोंडे पाहावीत. शंका आली तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. गाठ नखाने खरवडू नये, चुना-तुरटी लावू नये.