शोभत नाही म्हणजे काय?

गेल्या वैशाखात माझ्या नातीचा साखरपुडा झाला. त्या सकाळी तिने मला आरशासमोर बसवले, "आजी, डोळे मीट" म्हणाली, आणि अनामिकेच्या टोकाने माझ्या पापण्यांवर काहीतरी टेकवले. मग गालाच्या उंचवट्यावर एका इवल्याशा बाटलीतला थेंब टिपला. डोळे उघडून पाहते तो पापण्यांवर जुन्या चांदीच्या वाटीची असते तशी मंद झळाळी, आणि गालावर नुकतीच न्हाऊन आल्याची ओल. मी अडुसष्ट वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. हे दोन तपशील मी एरवी कुणाला सांगत बसत नाही. पण पुढचे सारे रामायण या दोहोंवरूनच झाले, म्हणून सांगणे भाग आहे.

कार्यालयाच्या दारातच नणंदबाईंनी मला बाजूला घेतले. "वहिनी, रागावू नका हं, पण हे आपल्याला शोभत नाही."

मी रागावले नाही. मागच्या न्हाणीघरात गेले आणि चेहरा धुऊन आले. नात पाहतच राहिली. नणंदबाई काय बोलल्या याचे मला फारसे दुःख नाही. मी चेहरा धुतला, याची मात्र अजून लाज वाटते. हा लेख त्या लाजेपोटीच लिहिते आहे.

एकतीस वर्षे मी सांगलीच्या शाळेत मराठी शिकवले. तेव्हा आधी व्याकरण. 'हे मला शोभत नाही' या वाक्यात कर्ता आहे 'हे'. मी बिचारी चतुर्थीत. आणि शोभत नाही असे ज्याने ठरवले, तो वाक्यात कुठे दिसतच नाही! 'अमक्याला हे आवडत नाही' असे म्हटले, तर त्या अमक्याशी भांडता येते. 'शोभत नाही' म्हटले की भांडायचे कुणाशी? आपल्या भाषेत बायकांना गप्प करणारी वाक्ये बहुधा अशीच निनावी असतात. 'असे करू नये.' 'बरे दिसत नाही.' 'लोक काय म्हणतील' यात निदान 'लोक' तरी आहेत.

दोन महिन्यांनी मी हट्टाने एका दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी मोठी गोड होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि हातातली डबी परत खणात ठेवली. "काकू, चाळिशीनंतर शिमर घेत नाहीत. सुरकुत्या उठून दिसतात. तुम्ही मॅट घ्या." मॅट म्हणजे चकाकी नसलेले, मातकट. मला हसूच आले. नणंदबाईंनी परंपरेचा हवाला दिला, हिने फॅशनचा. निकाल मात्र दोघींचा एकच. एका वयानंतर आणि एका प्रसंगानंतर बाईने उजेड परत करू नये, नुसता शोषून घ्यावा!

मी ती डबी आणि ती बाटली दोन्ही विकत घेतली, आणि पुढचा सबंध श्रावण दुपारच्या वेळी खिडकीशी बसून प्रयोग केले. मुलीचे म्हणणे अर्धे खरे निघाले, हे प्रामाणिकपणे सांगते. ही चकाकी येते कशातून? पुष्कळदा आपल्या जुन्या ओळखीच्या अभ्रकातून. माझ्या लहानपणी विजेची इस्त्री बिघडली की तिच्या पोटातून अभ्रकाचा पत्रा निघे, आणि आम्ही भावंडे नखाने त्याचे पापुद्रे काढत बसायचो. कितीही काढा, खाली आणखी एक असायचाच. तेच अभ्रक दळून त्याच्या कणांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा अतिपातळ थर चढवतात. थर अगदी पातळ असला की कण चंदेरी दिसतो, थोडा जाड झाला की सोनेरी, मग तांबूस, निळा, हिरवा. यात रंग असा घातलेलाच नसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा तो उजेडाचा खेळ. कण भरड असेल तर तो लुकलुकतो आणि सुरकुतीच्या खाचेत जाऊन बसतो. बारीक असेल तर रेशमासारखी एकसारखी झिलई येते, आणि तिने सुरकुती उठत नाही, उलट निवते. पातळ हायलायटरमध्ये हेच कण तेलकट किंवा पाणीदार द्रवात तरंगत असतात. तो गालावर चोळला की त्याचे ओघळ होतात. बोटाने टिपला की बसतो. बाटली आधी हलवावी लागते, नाहीतर झळाळी तळाशीच राहते. एवढेच शास्त्र! 'चाळिशीनंतर नको' हा नियम म्हणजे कण पारखण्याचा आळस आहे. भरड पीठ मिळाले म्हणून पुरणपोळीच करू नये असे कुणी म्हणते का?

पण वयाचा मुद्दा वरवरचा. नणंदबाई स्वतः बहात्तरीच्या आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्या ओठांना रंग होता. त्यांचे यजमान हयात आहेत. म्हणजे आडवे आले ते माझे वय नव्हे, हे आपण सगळे जाणतोच. फक्त दिवाळी अंकात असे बोलत नाहीत.

यजमान गेले तेव्हा कुणी माझ्या बांगड्या फोडल्या नाहीत. आम्ही सुधारलेली माणसे. तेराव्यानंतर जाऊबाईंनी हळूच काळ्या टिकल्यांचे पाकीट आणून दिले, इतकेच. लाल टिकली गेली, काळी आली. आणि मीही ती आठ वर्षे मुकाट्याने लावली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, ती तर कुणी बंद केली असेही नाही. पुन्हा निनावी वाक्य!

ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली लिहिले. बायको मेली तर पुरुषाने दाढीमिशी उतरवून विद्रूप का होऊ नये, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. माझ्या माहितीत चार विधुर आहेत. चौघांनाही लोक "स्वतःची काळजी घ्या, नीटनेटके राहा" असेच सांगतात. त्यातल्या एकाने परवा केसांना कलप लावला, तर सगळ्यांना केवढे बरे वाटले! मलाही वाटले.

आणि बदल होत नाही असेही नाही. सांगलीहून तासाभराच्या वाटेवर, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचे गाव आहे. तिथे ४ मे २०२२ रोजी ठराव झाला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. खेड्याने ठराव करून टाकला. शहरातल्या कार्यालयाच्या दारात मात्र अजून "रागावू नका हं" चालू आहे.

माझी एक प्राध्यापिका मैत्रीण आहे, ती दुसऱ्या बाजूने रागावली. "अगं, रंगरंगोटी ही गुलामीच. सुटलीस ते बरे झाले." तिने ऐन पंचविशीत स्वतः होऊन सगळे टाकले, तिचा मला आदर आहे. पण टाकणे वेगळे आणि हातातून काढून घेतले जाणे वेगळे. ज्याचे घर जप्त झाले, त्याला अपरिग्रहाचा उपदेश करू नये.

एका आक्षेपापुढे मात्र मी गप्प झाले. तो पुतण्याने काढला. "काकू, शोभतं की नाही ते सोड. हे अभ्रक कुठून आलं, विचारलंस का?" झारखंडातल्या कोडरमा, गिरिडीह भागात आणि बिहारच्या नवादा जिल्ह्यात बंद पडलेल्या खाणींच्या बिळांतून, कचऱ्याच्या ढिगांतून गरीब कुटुंबे अभ्रकाचा चुरा वेचतात. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुले असतात, कारण बिळे अरुंद आणि मुले बारीक. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बहुतेक अधिकृत खाणी बंद झाल्या, पण जगाला चकाकी हवीच होती. माती ढासळून मुले मेली आणि ते मृत्यू दडपले गेले, हे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१६ साली उजेडात आणले. इस्त्रीतले पापुद्रे काढणारी आमची बोटे मला आठवली. आमचा तो खेळ होता.

पाहा, शोभत नाही ते हे! आणि हे कुठल्याही वयाच्या, सधवा-विधवा कुठल्याही चेहऱ्याला शोभत नाही. पण साखरपुड्यात पापण्या चमकवून आलेल्या वीस-पंचवीस मुलींपैकी एकीलाही कुणी बाजूला घेऊन हे विचारले नाही. आपली नीतिमत्ता बाईच्या कपाळापाशी येऊन थांबते; खाणीपर्यंत जायला तिला वेळ नसतो.

या अभ्रकाला पर्याय आहे. कारखान्यात बनवलेले कृत्रिम अभ्रक मिळते. वेष्टनावर 'सिंथेटिक फ्लुओर्फ्लोगोपाइट' असे जिभेची परीक्षा पाहणारे नाव असते. नुसते 'मायका' लिहिले असेल तर ते खाणीतले समजावे, आणि कुठल्या खाणीतले ते विचारावे. माझ्या डबीवर नुसते 'मायका' आहे. बाटलीवर ते लांबलचक नाव आहे. हे मी भिंग घेऊन वाचले.

डबी घेऊन पुन्हा दुकानात गेले. "यातलं अभ्रक कुठलं?" त्या गोड मुलीने मालकांना बोलावले, मालकांनी डबी उलटीसुलटी केली, "कंपनीला विचारून सांगतो, काकू" म्हणाले. त्याला तीन आठवडे झाले. दर शुक्रवारी जाऊन विचारते. आता मी दिसले की ते आतल्या खोलीत जातात. जाईनात. शाळेत मी यांच्यापेक्षा बिलंदर मुलांची उत्तरे वसूल केली आहेत.

डबी तोवर कपाटात राहील. बाटली मात्र पाडव्याला उघडणार आहे. भाऊबीजेला नणंदबाई आमच्याकडे ओवाळायला येतात, माझ्या धाकट्या दिराला. त्या दिवशी मी लाल टिकली लावून, गालावर दोन थेंब टिपून दार उघडणार आहे, आणि या वेळी न्हाणीघराची कडी बाहेरून लावून ठेवायला नातीला सांगितले आहे.