जुन्या इंग्लिश मोटारसायकली आणि त्यांपासून घ्यावयाचा धडा

रस्त्यानें एखादी जुनी बुलेट धडधडत चालली म्हणजे वर्गांतील निम्म्या मुलांचें लक्ष फळ्यावरून उडून खिडकीकडे जातें, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. कारण शिकविणाऱ्याचें लक्षहि क्षणभर तिकडेच गेलेलें असतें. जुन्या इंग्लिश फटफट्यांविषयीं आम्हांस मनापासून प्रेम आहे. ती काळीभोर टाकी, तिच्यावर हातानें ओढलेली सोनेरी रेघ, तो सावकाश पडणारा ठोका, हें सर्व पाहून व ऐकून मन प्रसन्न होतें. परंतु प्रेमाच्या जोडीला विवेक हवा. ज्यांनीं हीं यंत्रें घडविलीं त्यांचे कारखाने आज कोठें आहेत, हा प्रश्न विचारल्यावांचून त्यांची नुसती स्तुति करणें आम्हांस अपुरें वाटतें.

इंग्लंडच्या मध्यभागांतील बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, रेडिच हीं गांवें एके काळीं या धंद्याचीं माहेरघरें होतीं. १९३७ सालीं ट्रायम्फ कारखान्याचे कल्पक अभियंते एडवर्ड टर्नर यांनीं ‘स्पीड ट्विन’ नांवाची गाडी पुढें आणिली. तिच्या ५०० सी. सी. इंजिनांत दोन सिलिंडर शेजारीं शेजारीं अशा खुबीनें बसविले होते कीं, तें एका सिलिंडरच्या इंजिनाहून फारसें रुंद किंवा जड झालें नाहीं. पुढें दहा-बारा वर्षांत बी. एस. ए., नॉर्टन, रॉयल एन्फील्ड या सर्वांनीं तोच कित्ता गिरविला. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मन विमानांच्या बाँबवर्षावांत ट्रायम्फचा कॉव्हेंट्री येथील कारखाना उद्ध्वस्त झाला. पण १९४२ सालीं जवळच मेरिडन येथें नव्या कारखान्यांत काम सुरूहि झालें. अशा लोकांना आळशी किंवा अडाणी म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

मग त्यांचा ऱ्हास कां झाला? याचें उत्तर एका लहानशा गाडीच्या कथेंत सांपडतें, असें आमचें मत आहे. युद्धापूर्वीं जर्मनींतील डी. के. डब्ल्यू. कारखान्यानें १२५ सी. सी. ची एक सुटसुटीत मोटारसायकल तयार केली होती. युद्ध संपल्यावर तिचा आराखडा नुकसानभरपाईदाखल इंग्लंडच्या हातीं आला व त्यावरून बी. एस. ए. नें १९४८ सालीं ‘बँटम’ ही गाडी काढिली. इंग्लंडांत तारा वांटणारीं मुलें हिच्यावरूनच घरोघर फिरत. त्याच जर्मन गाडीचा आदर्श पुढें ठेवून जपानांत यामाहा या मंडळीनें १९५५ सालीं आपली पहिली मोटारसायकल बनविली. ही मंडळी तोंवर ऑर्गन व पियानो तयार करीत असे! म्हणजे धडा एकच, आणि शिष्य दोन. त्यांतला एक घराण्याचा, नांवाजलेला. दुसरा अगदीं नवखा.

आतां पुढें काय झालें तें पहा. या जातीच्या इंजिनांत पेट्रोलमध्यें वंगणाचें तेल मोजून मिसळावें लागे. नवख्या शिष्यानें या कटकटीचा विचार केला व १९६४ सालीं तेल आपोआप पुरविणारा स्वतंत्र पंप गाडीवर बसविला. घराण्याच्या शिष्यानें गाडीची शक्ति थोडीबहुत वाढविली खरी. पण १९७१ च्या सुमारास बँटमचें उत्पादन थांबलें तोंपर्यंत तिचा मालक पेट्रोलांत तेल मिसळीतच होता. एकानें उत्तर पाठ केलें. दुसऱ्यानें उदाहरण सोडविलें.

इशारे मिळाले नाहींत असेंहि नव्हे. जपानच्या होंडा कारखान्यानें आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतींत उतरण्याचा निश्चय १९५४ सालीं जाहीर केला, १९५९ सालीं तो तेथें उतरला आणि १९६१ सालीं १२५ व २५० सी. सी. या दोन्ही वर्गांत पहिला आला. स्वतः टर्नरसाहेब १९६० सालीं जपानांतील कारखाने पाहून आले व तेथील प्रगतीविषयीं त्यांनीं स्वदेशीं सावधगिरीचा अहवाल दिला. तथापि लहान गाड्यांचा बाजार जपानी लोकांनीं घेतला तर घेऊं द्यावा, मोठ्या गाड्या आपल्याच आहेत, अशी समजूत प्रबळ ठरली. १९६९ सालीं होंडाची ७५० सी. सी. ची चार सिलिंडरची गाडी आली. बटण दाबतांच ती सुरू होई आणि तिच्या पुढील चाकास डिस्क ब्रेक होता. तिच्या आदल्याच वर्षीं निघालेल्या बी. एस. ए. व ट्रायम्फच्या तीन सिलिंडरच्या नव्या गाड्यांना मात्र अद्याप किकच मारावी लागे. शिवाय इंग्लिश इंजिनाची पेटी उभी दुभागलेली असे. तिच्या सांध्यांतून तेल पाझरे आणि गाडी जेथें उभी राही तेथें जमिनीवर आपली सही ठेवून जाई.

स्कूटरचीहि तीच कथा. इटलींत १९४६ सालीं व्हेस्पा व १९४७ सालीं लँब्रेटा निघाली. कपडे न मळतां कचेरींत जाणाऱ्या साध्या माणसाचें हें वाहन होतें. ब्रिस्टलच्या डग्लस कारखान्यानें १९५१ पासून इटलीच्या परवान्यानें व्हेस्पा बनविण्यास आरंभ केला, परंतु बी. एस. ए. व ट्रायम्फ यांची स्वतःची स्कूटर बाजारांत येण्यास १९५९ साल उजाडलें. गाडी वाईट नव्हती. वेळ निघून गेली होती.

कोणी म्हणेल कीं, जपानांत मजुरी स्वस्त होती, म्हणून असें झालें. या म्हणण्यांत सत्याचा कांहीं अंश आहे. पण स्वस्त मजुरीनें तेलाची गळती थांबत नाहीं. ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या सल्लागारांनीं १९७५ सालीं अहवाल दिला. तात्पुरत्या नफ्याकडे पाहून एकामागून एक वर्गाच्या गाड्या सोडून देण्याच्या धोरणावर त्यांनीं बोट ठेविलें. या धोरणाचें प्रायश्चित्त कोणास भोगावें लागलें? १९७३ सालीं मेरिडनचा कारखाना बंद करण्याचें जाहीर झालें, तेव्हां तेथील कामगारांनीं तो अडवून धरिला. १९७५ सालीं सरकारी कर्ज घेऊन त्यांनीं सहकारी तत्त्वावर तो चालूहि केला. परंतु १९८३ सालीं त्यांनाहि हात टेकावे लागले. चूक कचेरींतल्या टेबलावर झाली आणि उपासमारीची भीति कामगाराच्या चुलीपर्यंत पोंचली, हें आम्हांस विशेष दुःखदायक वाटतें.

हा केवळ परक्यांचा इतिहास नव्हे. रॉयल एन्फील्डची बुलेट १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ सालीं बंद पडला, पण मद्रासची शाखा जगली. तरी खरें बोलावयाचें तर आपल्याकडेहि ती गाडी कित्येक वर्षें जवळजवळ तशीच राहिली. बाजारांत स्पर्धा नव्हती म्हणून तें खपून गेलें. आतां तर बी. एस. ए. हें नांव २०१६ सालीं महिंद्र समूहाकडे व नॉर्टन २०२० सालीं टी. व्ही. एस. कडे आलें, ट्रायम्फच्या कांहीं गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत बनूं लागल्या. याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु नांव विकत मिळतें, शिकण्याची संवय विकत मिळत नाहीं. आज आपण वरच्या बाकावर बसलों आहों. कोठें तरी एखादा ऑर्गन बनविणारा आपला आराखडा समोर घेऊन बसला असेल, हें विसरतां कामा नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं आजोबांची जुनी फटफटी असेल तर ती भंगारांत घालूं नका. ती पुसा, खोला, पुन्हां जोडा. तिच्या घडणींतील कौशल्यास मनोभावें नमस्कार करा. पण तिच्याखालीं तेलाचा थेंब पडलेला दिसला, तर ‘जुन्या गाड्यांचें असेंच असावयाचें’ असें म्हणून फडक्यानें पुसून मोकळे होऊं नका. तो कोणत्या सांध्यांतून आला व कां आला, हें शोधा. हा प्रश्न विचारण्याचें ज्या दिवशीं सुटतें, त्या दिवसापासूनच मोठमोठ्या कारखान्यांना गळती लागते, असें आम्हांस वाटतें.